अधिकाराविना नेतृत्व

क्रिकेटचा कर्णधार म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. नाणेफेक जिंकल्यावर फलंदाजी घ्यावी की क्षेत्ररक्षण, चेंडू कोणाच्या हाती द्यावा, डाव केव्हा घोषित करावा, हे सारे तो ठरवितो आणि पराभव झाल्यास जाबही त्यालाच द्यावा लागतो. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीचा कर्णधार मात्र यांपैकी काहीच ठरवीत नाही. बर्फावर कोणी उतरायचे आणि बाकावर कोणी बसायचे हे प्रशिक्षक सांगतो. कोणाला संघात घ्यायचे आणि कोणाला दुसऱ्या संघाकडे धाडायचे हे व्यवस्थापकाच्या हाती असते. हा खेळ इतका वेगवान आहे की खेळाडू एका वेळी जेमतेम पाऊण-एक मिनिट खेळतात आणि दमून परततात. साहजिकच ६० मिनिटांच्या सामन्यात आघाडीवर खेळणारा कर्णधारही सुमारे २० मिनिटेच प्रत्यक्ष खेळात असतो. उरलेला वेळ तो इतरांच्या खांद्याला खांदा लावून बाकावर बसलेला असतो.

नॅशनल हॉकी लीगच्या नियमांनी त्याला दिलेला हक्क एवढाच की, पंचांनी बोलाविल्यास एखाद्या नियमाच्या अर्थाविषयी तो त्यांच्याशी चर्चा करू शकतो. झालेल्या शिक्षेविरुद्ध तक्रार करण्याची मुभा त्यालाही नाही. गोलरक्षकाला तर हाही हक्क नाही. १९४७-४८ च्या हंगामात माँट्रियलचा गोलरक्षक बिल डर्नन हा कर्णधार होता. पंचांशी बोलण्यासाठी तो आपली जागा सोडून येई आणि खेळ खोळंबे, म्हणून पुढे गोलरक्षकाने कर्णधाराचे काम करण्यास नियमानेच बंदी आली. छातीवर शिवलेले 'सी' हे इंग्रजी अक्षर आणि पंचांशी दोन शब्द बोलण्याची सवलत, एवढेच या पदाचे भांडवल आहे. असे असूनही या खेळात थोर कर्णधारांची नावे पिढ्यान्‌पिढ्या आदराने घेतली जातात. मग त्यांच्या थोरवीचे गमक कोणते?

झाँ बेलिवोचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९६१ साली माँट्रियल कॅनेडियन्सच्या खेळाडूंनी मतदान करून त्याला कर्णधार निवडले आणि १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो त्या पदावर राहिला. त्या दहा वर्षांत संघाने पाच वेळा स्टॅन्ले चषक जिंकला. हा काळ सोपा नव्हता. क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषिकांची अस्मिता जागी होत होती. मोरीस रिशार या त्यांच्या लाडक्या खेळाडूला लीगच्या अध्यक्षांनी निलंबित केले, म्हणून १९५५ च्या मार्चमध्ये माँट्रियलच्या रस्त्यांवर दंगल उसळली होती. ज्या संघात फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे खेळाडू एकाच खोलीत कपडे बदलत, त्या संघाला या तणावाची झळ लागणे अगदी शक्य होते. बेलिवो दोन्ही भाषांत बोले, आवाज चढवीत नसे आणि नव्या खेळाडूला परकेपणा वाटू देत नसे. १९९४ मध्ये त्याला कॅनडाचे गव्हर्नर जनरल होण्याविषयी विचारणा झाली. कुटुंबाला आपली गरज आहे, असे सांगून त्याने ते पद नाकारले. मानाची पदे चालत यावीत आणि त्यांचा मोह पडू नये, असा हा माणूस होता. सहकाऱ्यांनी त्याला मत दिले ते हे ओळखूनच.

बेलिवोच्या ठिकाणी जे स्वभावातच होते, ते डेट्रॉइटच्या स्टीव्ह आयझरमनला कष्टाने मिळवावे लागले. १९८६ मध्ये तो कर्णधार झाला तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. १९८८-८९ च्या हंगामात त्याने ६५ गोल केले. पण संघ मात्र महत्त्वाच्या सामन्यांत कोसळत राहिला. १९९३ मध्ये स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून आला. त्याने आयझरमनला सांगितले ते कोणाही यशस्वी खेळाडूला झोंबेल असेच होते : गोल कमी झाले तरी चालतील, मागे येऊन बचाव करायला शिक. १९९५ मध्ये तर त्याला दुसऱ्या संघाकडे पाठविणार, अशी बोलवाही उठली. आयझरमनने राग मानला असता तर त्याला दोष देता आला नसता. त्याने खेळ बदलला. १९९६-९७ च्या हंगामात त्याच्या नावावर केवळ २२ गोल होते. पण त्याच वर्षी डेट्रॉइटने ४२ वर्षांनंतर स्टॅन्ले चषक जिंकला. ज्या संघातला सर्वांत कुशल खेळाडू स्वतःच्या गोलांवर पाणी सोडून बचावासाठी धावतो, त्या संघात दुसऱ्या कोणाला अंगचोरी करण्याची सोय उरत नाही. बोमनने शंभर भाषणे दिली असती, तरी हा परिणाम साधला नसता.

त्या विजयानंतर सहाच दिवसांनी डेट्रॉइटचा बचावपटू व्लादिमीर कॉन्स्तान्तिनोव मोटार अपघातात जबर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द संपली. पुढच्या वर्षी संघ पुन्हा जिंकला. लीगच्या प्रथेप्रमाणे चषक प्रथम कर्णधाराच्या हाती दिला जातो. आयझरमनने तो नेऊन ठेवला चाकांच्या खुर्चीत बसलेल्या कॉन्स्तान्तिनोवच्या मांडीवर. २००१ मध्ये कोलोरॅडोचा कर्णधार जो सॅकिक याने असेच केले. २२ हंगाम खेळूनही ज्याला हा चषक कधी लाभला नव्हता, त्या ४० वर्षांच्या रे बूर्कच्या हाती त्याने तो स्वतः उंचावण्याआधीच सोपविला. पहिल्या मानाचा हक्क ज्याचा आहे, त्याला तो कोणाला द्यावा हे कळणे, यातच कर्णधाराची पारख होते.

मार्क मेसिएची कथा या विवेचनाला छेद देणारी वाटेल. १९९४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स उपान्त्य मालिकेत न्यू जर्सीविरुद्ध ३-२ असे मागे पडले असता, सहावा सामना आपण जिंकू, अशी ग्वाही त्याने वृत्तपत्रांना उघड दिली आणि शेवटच्या सत्रात तीन गोल करून ती खरी केली. रेंजर्सनी ५४ वर्षांनंतर चषक मिळविला. अंतिम फेरीत त्यांनी हरविले ते व्हँकुव्हरला, आणि त्या निर्णायक सामन्यात व्हँकुव्हरचे दोन्ही गोल केले होते त्यांचा कर्णधार ट्रेव्हर लिंडन याने. १९९७ मध्ये हाच मेसिए व्हँकुव्हरकडे आला. लिंडनने कर्णधारपद त्याच्या स्वाधीन केले आणि काही महिन्यांतच लिंडनला दुसऱ्या संघाकडे पाठविण्यात आले. मेसिएच्या तीन हंगामांत व्हँकुव्हरला एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. संघ आधीच दुबळा होता आणि मेसिएचे वय झाले होते, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. तरीही माणूस तोच, अक्षर तेच, कीर्ती तर पूर्वीहून मोठी. असे असता न्यूयॉर्कमध्ये ज्याच्या एका वाक्याने संघ पेटून उठला, त्याला व्हँकुव्हरमध्ये ती किमया का साधली नाही? न्यूयॉर्कमधला विश्वास त्याने तेथील सहकाऱ्यांबरोबर राहून कमावला होता. तो गाठोड्यात बांधून दुसऱ्या गावी नेता येत नाही.

कर्णधारावाचून काही अडत नाही, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांच्या हाती एक पुरावा आहे. व्हेगसचा नवा संघ २०१७ मध्ये लीगमध्ये आला. पहिले तीन हंगाम त्याने कर्णधार नेमलाच नाही, तरी २०१८ मध्ये तो अंतिम फेरीत पोचला. पण या पुराव्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. निरनिराळ्या संघांनी नको म्हणून सोडलेले अनेक खेळाडू तेथे एकत्र आले होते आणि उपकर्णधारपदाची जबाबदारी अनेकांनी वाटून घेतली होती. अक्षर नव्हते, काम चालू होते. उलट, अक्षर आहे आणि काम बंद आहे, अशी स्थिती कोणत्याही संघाला अधिक घातक ठरेल.

शाळेत, कचेरीत, एखाद्या सार्वजनिक संस्थेतही अशी माणसे भेटतात. त्यांच्या हाती बढती नसते, बदली नसते, कोणाचा पगार कापण्याचा अधिकार नसतो. पण ती कामाला लागली की इतरांना बसून राहण्याची लाज वाटते. वरिष्ठ त्यांना पद देऊ शकतात. त्या पदाला वजन मात्र बरोबरीने काम करणारेच देतात. आइस हॉकीच्या कर्णधाराजवळ शिक्षेचा धाक नाही आणि बक्षिसाचे आमिष नाही. म्हणूनच त्याचे सहकारी जेव्हा त्याच्यामागून जातात, तेव्हा ते स्वखुशीने जात असतात, हे निःशंकपणे म्हणता येते.