गीत आणि गळा : सुटी चाल, बांधलेली चाल

हट्ट्याहून आलेल्या एका पत्रानं मला एका विषयाकडे नेलंय आणि हा विषय माझ्या फार आवडीचा.

पत्रलेखक भजनात पखवाज वाजवतात. हट्टा वसमत तालुक्यातलं आणि नामदेवांचं नरसीही त्याच हिंगोली जिल्ह्यातलं, त्यामुळे अभंग त्यांना शिकावा लागलेला नाही. जालन्यात एका ख्रिस्ती स्नेह्याकडे लग्नाला गेले असताना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं गीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला हेही गाऊ लागले. मग कीबोर्डवरचं नवं गाणं आलं आणि हेच काय, तिथली नेहमीची मंडळीसुद्धा गप्प झाली. असं का, हा त्यांचा प्रश्न. उत्तराची सुरुवात अभंगाच्या बांधणीपासून करू.

मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. मोजायची ती अक्षरं. लघु-गुरूचा जाच नाही. गाताना ऱ्हस्व अक्षरही हवं तेवढं लांबवता येतं. म्हणून एकच अभंग कुणी भूपात बांधतो, कुणी भैरवीत, आणि दिंडीत तोच पावलांच्या लयीत बसतो. शब्द संतांचे, चाल ज्याची त्याची.

इंग्रजी स्तोत्रांचा कारभारही असाच होता. आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या बांधणीला ते ‘कॉमन मीटर’ म्हणतात. या मापाचं कुठलंही स्तोत्र त्याच मापाच्या कुठल्याही चालीवर म्हणता येतं. जॉन न्यूटनचं ‘अमेझिंग ग्रेस’ 1779 मध्ये छापलं गेलं. आज जगाला ठाऊक असलेली चाल त्याला अमेरिकेत विल्यम वॉकरनं 1835 मध्ये जोडली. तोवर 56 वर्षं ते दुसऱ्याच चालींवर चाललं होतं.

नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंग त्यांनी सोबतच आणला. पुढे निकोल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्यानं त्यांचं एक गीत इंग्रजीत नेलं, ते नेमकं आठ-सहाच्या मापात. म्हणजे महाराष्ट्रातलं गीत स्कॉटलंडच्या जुन्या चालीवर म्हणायला मोकळं झालं!

आता चर्चमधली नवी वर्शिप गाणी, म्हणजे उपासनेची गाणी, घ्या. सिडनीच्या डार्लिन चेकनं 1993 मध्ये रचलेलं ‘शाउट टू द लॉर्ड’ जगभर पोचलं ते ध्वनिमुद्रणातून. या पिढीची गाणी अशीच येतात: शब्द, चाल, वाद्यांचे तुकडे, गायकाची पट्टी, सगळं एकत्र बांधून. ओळी लहानमोठ्या, मध्येच थांबे, शेवटाकडे ‘ब्रिज’ म्हणतात तो वेगळ्या चालीचा तुकडा. वर्शिप टीमनं ते गाणं दहादा ऐकलेलं असतं, बाकावरच्या माणसानं एकदाही नाही. पुन्हा पट्टी उंच. तो गप्प बसणार नाही तर काय करणार?

पण जुन्याची बाजू घेणाऱ्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. परदेशी चालीत मराठी शब्द कोंबून केलेली कितीतरी जुनी भाषांतरं तितकीच अवघडलेली आहेत. सवयीनं ती गोड लागतात, एवढंच. उलट नव्या गाण्यांतलं पुन्हापुन्हा येणारं ध्रुपद भजनाच्या फार जवळचं आहे. टीमनं ते आधी मंडळीकडून दोनदा म्हणवून घेतलं, पट्टी दोन सूर उतरवली, तर निम्मं चर्च गाऊ लागेल.

माझी परीक्षा साधी आहे. कीबोर्ड बंद करा, एक पेटी ठेवा आणि मंडळीला म्हणू द्या. जे टिकेल ते मंडळीचं गाणं, मग ते कोणत्याही सालचं असो. आणि उद्या एखाद्या पोरानं गिटारवर टिळकांच्या अभंगाला नवी चाल लावली, तर वडीलधाऱ्यांनी कुरकुर करू नये. अभंगाला ती मुभा पहिल्यापासून आहे.