नकाशाच्या आधीची गल्ली
मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घर आणि कारखाना वेगळे काढता येत नाहीत. पंढरपूरकडून आलेले कडू भोपळे भिजवायला पाणी लागते, वाळवायला ऊन आणि साठवायला कोरडा माळा. एकोणिसाव्या शतकात हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांनी हा धंदा उभा केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अशा गल्लीतला पडका वाडा किंवा पालिकेची बंद इमारत पुन्हा वापरात आणायची, तर विचारायचे कोणाला?

१९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात योजना करण्याचा इरादा कलम २३नुसार जाहीर होतो तेव्हाही सूचना-हरकती मागवल्या जातात; पण नकाशातल्या प्रत्यक्ष प्रस्तावांवर रहिवाशाला बोलावणे येते ते प्रारूप विकास योजना तयार झाल्यावर, कलम २६च्या जाहीर सूचनेने. तोवर नकाशात रंग भरून झालेले असतात. हाती उरते ती हरकत. त्याची खरी जागा एक कलम आधी आहे. कलम २५नुसार विद्यमान जमीनवापराची पाहणी होते. त्या वेळी गल्लीतले दोन जाणते सोबत फिरले, तर ‘निवासी’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या घरातला भोपळ्यांचा माळाही कागदावर येईल. कायदा याची सक्ती करत नाही. मनाईही करत नाही. आणि बंद इमारत पुष्कळदा रिकामी नसतेच. तिच्या ओट्यावर कोण काम करते, अंगणात कोणाचे लाकूड मुरत पडले आहे, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.