आधी तिजोरी, मग रिव्हॉल्व्हर

अण्णांना दोन हत्यारं हवी होती. एक अंगावर बाळगायला, एक घरात ठेवायला. आसनगावच्या पुढे नाशिक महामार्गाला त्यांचं हॉटेल आहे आणि मुरबाड तालुक्यात सरळगावच्या अलीकडे शेतावर घर. रात्री गल्ला बंद झाला की रोकड घेऊन शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्याने ते तेव्हा एकटेच गाडी हाकायचे. त्या रस्त्यावर रात्री अकरानंतर मैलोन्‌मैल दिवा दिसत नाही, मोबाइलची रेंज जाते. शेतावरच्या घरात वहिनी, ऐंशीच्या घरातले वडील आणि दोन नातवंडं. त्यांच्या मागणीत मला वेडंवाकडं काही वाटलं नाही. ते लांबच्या नात्यातले, पण लहानपणापासूनचे मोठे भाऊच. म्हणून अर्ज भरण्यापासून हत्यार घरात येईपर्यंत मी त्यांच्यासोबत राहिलो.

कल्याण, भिवंडी, उल्हासनगरच्या माणसाला परवान्यासाठी ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे जावं लागतं. शहापूर-मुरबाड ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात, म्हणून इथला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण खरी तपासणी होते ती आपल्या पोलीस ठाण्यातून. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला ठेवता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. वारशाने आलेलं हत्यारसुद्धा त्या दोनांतच मोजलं जातं. हे शेवटचं वाक्य अण्णांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि पुढे सगळा हिशेब त्यावरच फिरला.

चौकशीला आलेले हवालदार वयस्कर आणि शांत होते. गुन्हे, दावे, दारू हे विचारून झालं. मग म्हणाले, "जमिनीचं काही चालू आहे का भाऊबंदकीत?" अण्णांच्या एका चुलत भावाशी बांधाचा वाद आहे, तहसीलदारांकडे. अण्णा थोडे चिडले. "त्याचा इथं काय संबंध?" हवालदार म्हणाले, "अण्णा, रस्त्यावरचा चोर आयुष्यात एकदा भेटेल, नाहीतर भेटणारही नाही. भाऊ रोज बांधावर भेटतो."

मला हा प्रश्न सगळ्या अर्जापेक्षा महत्त्वाचा वाटला. या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत जमिनीला जो भाव आला, त्याने घराघरांत वाटण्यांचे वाद पेटले. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडकडे फार्महाऊसचे प्लॉट पडले. पैसा आला त्या घरांत लुटीची भीती आली आणि सख्ख्यांशी अबोलाही आला. अण्णांनी चुलत भावाच्या वादाची माहिती लपवली नाही, लिहून दिली. ज्याला ती लपवावीशी वाटते, त्याने अर्जच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

परवाना मिळाल्यावर आम्ही मुंबईला दुकानात गेलो. अण्णांच्या डोक्यात सिनेमातलं काळं नऊ एमएम पिस्तूल होतं. दुकानदारांनी ते लगेच बाजूला केलं. नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर तो मिळत नाही. सामान्य माणसाच्या छोट्या हत्याराची निवड मुख्यतः बत्तीस बोअरपाशी येऊन थांबते. त्यातही परदेशी माल आयात करायला १९८० च्या दशकापासून अडसर आहे, म्हणून जुनं विलायती हत्यार हातोहात फिरतं आणि लाखांत विकलं जातं. उरतं ते मुख्यतः देशी. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर, ईशापूरचं 'अशनी' पिस्तूल, २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' आणि २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' ही रिव्हॉल्व्हर.

दुकानदारांनी काचेवर कापड अंथरून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल शेजारी शेजारी ठेवलं. आधी दोन्ही उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, मग अण्णांना स्वतः बोट घालून बघायला लावलं. पिस्तूल चपटं, कमरेला सदऱ्याखाली दिसत नाही. त्याची गोळ्यांची मॅगझिन मुठीतून खाली निघते. अण्णांनी मॅगझिन काढली आणि म्हणाले, "झालं रिकामं." दुकानदारांनी मान हलवली. मॅगझिन काढल्यावरही नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते, ती स्लाइड मागे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. घरातले बरेचसे अपघात या एका गोळीचे असतात, असं ते म्हणाले. साफ करायला घेतलेलं, 'रिकामं' समजलेलं पिस्तूल.

मग रिव्हॉल्व्हर. कानपूरचं जुन्या बांधणीचं रिव्हॉल्व्हर खटका दाबला की मधोमध मोडतं, नळी पुढे झुकते आणि सहाही काडतुसं एकदम वर येतात. 'प्रबल'मध्ये चक्र बाजूला निघतं. दोन्हींत सहा घरं उघडी डोळ्यांसमोर येतात, गोळी आहे की नाही ते अंधारात बोटांनीही कळतं. एखादी गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरून पुढचं घर येतं. पिस्तुलात त्यासाठी स्लाइड ओढून ती गोळी बाहेर काढावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाची बोटं अशा वेळी गोंधळतात. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. दुकानातली काही गिऱ्हाइकं त्याला दोष मानतात. मला तो गुण वाटतो. पहिलंच हत्यार घेणाऱ्याच्या हातून चुकून दाबला जाऊ नये इतका जडपणा असलेला बरा.

वजनाचा विचार अण्णांनी केलाच नव्हता. 'निर्भीक' सुमारे अर्धा किलो, 'प्रबल' काडतुसांशिवाय पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. ऐकायला थोडं. पण दिवसभर गल्ल्यावर बसायचं, गाडी चालवायची, कमरेला ते टोचत राहतं. मग माणूस ते काढून गाडीच्या कप्प्यात टाकतो, गल्ल्याच्या खणात ठेवतो. दुकानदारांनी अण्णांच्या कमरेला रिकामं रिव्हॉल्व्हर होल्स्टरसकट बांधून त्यांना खुर्चीत बसवलं, उठवलं, वाकायला लावलं. गाडीचा पट्टा लावल्यावर हात तिथे पोचतो का, ते बाहेर उभ्या असलेल्या गाडीत बसून पाहायला सांगितलं, पण हत्यार दुकानात ठेवून. सार्वजनिक ठिकाणी हत्यार म्यानात आणि झाकलेलं असावं, मिरवू नये, हा नियम आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्याकडच्या हळदींना हे मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अक्षरं असतात, म्हणजे खडकीचा कारखाना. किती घ्यायची, किती जवळ ठेवायची ते परवान्यावर असतं, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. परवान्यावर हद्दीचाही रकाना असतो, तो अण्णांनी नीट वाचला नव्हता. कसारा घाट चढला की इगतपुरी, म्हणजे नाशिक जिल्हा. माळशेज ओलांडला की जुन्नर, पुणे जिल्हा. वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यातच होता, आता पालघरमध्ये आहे. हद्द जिल्ह्यापुरती असेल तर शहापूरच्या माणसाला गाडी वळवतानाही विचार करावा लागतो. परवान्याचं पुस्तक सोबत असलंच पाहिजे हे तर आहेच.

आता दुसऱ्या हत्याराची गोष्ट. घरासाठी पिस्तूल घ्यायचं अण्णांच्या मनात होतं. पण घरात वडिलांची बारा बोअरची दुनळी आहे, त्यांच्या नावावर, पस्तीस-चाळीस वर्षांची. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयातीतच त्या हत्याराच्या परवान्यासाठी वारसाचं नाव देऊ शकतो. दुनळी अण्णांकडे आली की दोनाची मर्यादा पुरी. पिस्तुलाला जागा नाही.

दुकानदारांनी घराबद्दल विचारलं. भिंती कसल्या? अण्णा म्हणाले, पुढचा भाग विटांचा, मागे जुन्या घराचा कूड आहे, कारवीचा, वर शेणामातीचा गिलावा. नातवंडं कुठे झोपतात? मागे. दुकानदार एवढंच म्हणाले, "मग पिस्तुलाचा विचार कुडाकडे बघून करा." कारवीचा कूड किंवा लाकडी दरवाजा बत्तीसची गोळी अडवत नाही. अंधारात पुढच्या ओटीवरून झाडलेली चुकीची गोळी मागे झोपलेल्या पोरापर्यंत जाईल. दुनळीचा छर्राही कूड फोडतो, हे त्यांनी लपवलं नाही. घरात कुठलंही हत्यार झाडण्याआधी मागे कोण आहे हे ठाऊक असलं पाहिजे, आणि रात्री अडीच वाजता ते ठाऊक असतंच असं नाही. त्यापेक्षा मागच्या दाराला आतून लोखंडी अडसर, अंगणात दोन दिवे आणि कुत्रं यांवर पैसे घाला, असा त्यांचा सल्ला होता. हत्यार विकायला बसलेल्या माणसाकडून हा सल्ला ऐकून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

दुनळी रानडुकरांसाठी वापरू, असं अण्णांचा धाकटा मुलगा म्हणाला. भात आणि नाचणी पिकली की डुकरं शेत नांगरून टाकतात हे खरं आहे, माळ्यावर रात्र रात्र बसावं लागतं. पण रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि पीकरक्षणाचा परवाना स्वसंरक्षणाच्या परवान्याहून वेगळा असतो. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरकडच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी झाडीतला आपलाच माणूस डुक्कर समजून मारला. आपल्याकडचीच माणसं, आपल्यासारखंच रान.

अण्णांच्या शयनघरात रिव्हॉल्व्हर येण्याच्या आठ दिवस आधी भिंतीत तिजोरी बसली. हे क्रमाने व्हावं असा माझा हट्ट होता. हत्यार सुरक्षित ठेवायची लेखी हमी अर्जासोबत द्यावीच लागते, पण कागदावरची हमी आणि भिंतीतले बोल्ट यांत अंतर असतं. कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेलं हत्यार घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, मुलांना सगळ्यात आधी. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवान्यावर होतं, असं पोलीस तपासात पुढे आलं. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. त्यामुळे तिजोरीच्या आकड्यांचं कुलूप फक्त अण्णांना उघडता येतं, मुलांना नाही आणि वहिनींनाही नाही. वहिनींच्या नावावर परवाना नाही, तर त्यांच्या हाती ते असताही कामा नये. वहिनींना हे आधी अपमानाचं वाटलं. अण्णांनी कायदा समजावल्यावर त्यांनीच नातवंडांना तिजोरीकडे फिरकू नका म्हणून बजावलं.

पाऊस हा आमच्याकडचा दुसरा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या, कपडे वाळत नाहीत. चामड्याचं होल्स्टर ओलावा धरून ठेवतं, त्यात विसरलेल्या हत्यारावर काही दिवसांतच गंज चढतो. म्हणून म्यान वेगळं, हत्यार पुसून, हलकं तेल लावून वेगळं, काडतुसं कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह. दर महिन्याला उघडून बघायचं.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र परवान्यासाठी लागतंच. अण्णा रेंजवर पहिल्यांदा गोळी झाडून आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. बंद जागेतला आवाज, मनगटाला बसणारा हिसका, दहा-पंधरा पावलांवरचा कागदही चुकलेला. त्या दिवसानंतर ते रस्त्यावरच्या चोराबद्दल कमी बोलू लागले. प्रशिक्षकांनी त्यांना भारतीय न्याय संहितेतलं खासगी बचावाचं प्रकरण, कलमं ३४ ते ४४, वाचायला दिलं. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क कायदा देत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही. रोकड पळवून पाठ फिरवलेल्या माणसाच्या पाठीत गोळी घालणं बचाव ठरवून घेणं फार कठीण.

शिवाय निवडणुका. २०२४ मध्ये आमच्याकडे लोकसभेचं मतदान २० मेला आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला झालं. आचारसंहितेत छाननी होऊन परवानाधारकांना हत्यारं जमा करायच्या नोटिसा निघतात, त्या महिन्यांत हत्यार पोलीस ठाण्यात असतं. अण्णांच्या ओळखीचे एक पेट्रोलपंपवाले त्या काळात रोकड न्यायची वेळच बदलतात, बरोबर दुसरा माणूस घेतात. आता अण्णाही वर्षभर तेच करतात. गल्ल्यातली मोठी रक्कम संध्याकाळीच बँकेत जाते.

अण्णांनी शेवटी जुन्या बांधणीचं बत्तीसचं एक रिव्हॉल्व्हर घेतलं. ते तपासणीला नेलं, परवान्यावर नंबर चढला. दुसरी ओळ अजून रिकामी आहे. वडिलांच्या दुनळीचा अर्ज त्यांनी केलेला नाही. मुलं तिचं काय करणार याबद्दल त्यांचा अजून निर्णय होत नाही. वडील थकले आहेत, दुनळी गेल्या कित्येक वर्षांत झाडलेली नाही. ज्या घरात असं हत्यार चालवणारं कुणी उरलं नाही, तिथे ते परवानाधारक दुकानदाराला विकता येतं किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येतं. वडिलांच्या पश्चात बिनपरवाना घरात राहिलं, तर तो मुलांचा गुन्हा ठरतो. अण्णांना मी दुनळी आत्ताच, वडील सही करू शकतात तोवर विकायला सांगितलं आहे. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही.