पसरलेला तरंगपुंज हरवलेला नसतो

क्वांटम भौतिकीबद्दल एक वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘तरंगपुंज काळाबरोबर पसरतो, म्हणजे कण हळूहळू विरून जातो आणि त्याची मूळ अवस्था कायमची पुसली जाते.’ यातलं ‘पसरतो’ एवढंच खरं आहे. बाकी साफ चूक आहे, आणि ती पुन्हा पुन्हा खोडावी लागते.

पसरणं खरंच वेगवान असतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पुंजाची रुंदी सुरुवातीला ०.१ नॅनोमीटर असेल, तर एका नॅनोसेकंदात ती अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाते. कारण साधं आहे. पुंज अनेक लाटांच्या बेरजेने बनतो, प्रत्येक लाटेची गती निराळी असते आणि त्यामुळे त्या पुढेमागे होतात. मात्र त्यातली एकही लाट नाहीशी होत नाही, एकीचीही उंची घटत नाही. बदलतात त्या फक्त त्यांच्या कला. माहिती पुसून टाकणारं काहीही श्रोडिंगरच्या समीकरणात नाही!

आता हाच इलेक्ट्रॉन १ नॅनोमीटर रुंदीच्या, अभेद्य भिंतींच्या पेटीत कोंडा. त्याच्या ऊर्जा १, ४, ९, १६ अशा वर्गांच्या प्रमाणातच असू शकतात. वेगवेगळ्या लयींत चाललेले गायक आणि तबलजी जसे समेवर भेटतात, तशा या सगळ्या लाटांच्या कला ठरावीक वेळी जुळतात. ही वेळ सुमारे ११ फेम्टोसेकंद. तिच्या पाव भागाला पुंजाच्या दोन प्रती दिसतात, निम्म्या वेळेला समोरच्या बाजूला आरशातली प्रतिमा उभी राहते आणि पूर्ण वेळेला मूळ पुंज जसाच्या तसा परततो.

‘हे सगळं कागदावरचं,’ असा आक्षेप लगेच येतो. तसं नाही. १९९० मध्ये येझेल, मॅलालिउ आणि स्ट्राउड यांनी लेसरच्या स्पंदाने पोटॅशियमच्या अणूत दूरच्या कक्षांमधला इलेक्ट्रॉनपुंज तयार केला आणि थोड्या अवधीने दुसरा स्पंद सोडला. इलेक्ट्रॉन गाभ्याजवळ असेल तेव्हाच तो सहज सुटतो. त्यामुळे दोन स्पंदांमधला अवधी बदलत गेल्यावर पुंजाच्या फेऱ्या दिसल्या, मग त्या पुसट झाल्या आणि पुढे पुन्हा उमटल्या. २००२ मध्ये ग्राइनर, ब्लॉख आणि सहकाऱ्यांना अतिशीत रुबिडियम अणूंचा व्यतिकरणाचा नमुना नाहीसा होऊन सुमारे ५५० मायक्रोसेकंदांनी परतलेला दिसला.

आता इतर गैरसमज.

‘पसरतो म्हणजे इलेक्ट्रॉनचे तुकडे होतात.’ नाही, मोजाल तेव्हा अख्खा इलेक्ट्रॉनच सापडतो.

‘पुन्हा जुळणं म्हणजे काळ उलटा फिरणं.’ नाही, काळ पुढेच जातो, कला जुळतात.

‘यात उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडतो.’ नाही; एकाकी, शुद्ध अवस्थेची एन्ट्रॉपी पसरतानाही वाढलेली नसते.

‘प्रत्येक पुंज परत जुळतोच.’ नाही, मोकळ्या कणाच्या ऊर्जा सलग असतात, त्याचा पुंज परतत नाही. अणूतही पुनरुज्जीवन हुबेहूब नसतं, आणि परिसराशी गुंता वाढला की तेही मावळतं.

शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती: फळ्यावर ‘तरंगपुंज पसरतो’ असं लिहाल, तेव्हा तिथे थांबू नका. ऊर्जा सलग आहेत की पायऱ्यापायऱ्यांच्या, हा प्रश्न त्याच तासाला विचारा. पुंज परतेल की नाही, हे त्यावरच ठरतं.