नवा खुबा किती चालवावा?

खुब्याचा सांधा बदललेल्या 100 जणांपैकी 58 जणांचा कृत्रिम सांधा 25 वर्षांनंतरही टिकलेला असतो. ‘लॅन्सेट’मध्ये 2019 साली आलेला हा अंदाज ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून काढला आहे. 15 वर्षांना हे प्रमाण 89 टक्के आहे, 20 वर्षांना 70. पंचाहत्तरीत शस्त्रक्रिया झालेल्याला एवढा हिशेब पुरतो, पन्नाशीतल्याला पुरत नाही. भारतात तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याने, म्हणजे एव्हीएनमुळे, चाळिशीच्या आतही ही वेळ येते.

ब्रिटनमध्ये 63,158 खुबे आणि 54,276 गुडघे तपासणाऱ्या 2017 च्या अभ्यासात सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची आयुष्यभराची शक्यता सुमारे 5 टक्के निघाली. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत होती, म्हणजे सातपट. यावर घरोघरी एकच निष्कर्ष निघतो: तरुण माणूस जास्त हिंडतो, म्हणून सांधा लवकर झिजतो.

पहिला भाग खरा आहे. 1998 च्या एका अभ्यासात खुबा किंवा गुडघा बदललेल्या 111 जणांची पावले मोजली. सरासरी दिवसाला 4,988 भरली, म्हणजे एका सांध्यावर वर्षाला सुमारे 9 लाख वेळा भार. साठीच्या आतले इतरांपेक्षा 30 टक्के जास्त चालत होते. पण सर्वांत कमी चालणारा दिवसाला 395 पावले टाकत होता आणि सर्वांत जास्त चालणारा 17,718. 45 पटींच्या या फरकापुढे वयाचे 30 टक्के किरकोळ ठरतात.

दुसरा भाग मात्र आकड्यांशी जुळत नाही. ब्रिटिश अभ्यासात साठीच्या आत सांधा बदलून पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्यांपैकी निम्म्यांना ती 4.4 वर्षांच्या आत लागली. इतक्या लवकर सांधा सहसा झिजत नाही. तिथे जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, हाडातली पकड सैल होणे ही कारणे आधी पाहावी लागतात.

शिवाय 58 टक्क्यांचा आकडा जुन्या बनावटीचा आहे. 25 वर्षांचा हिशेब 25 वर्षांपूर्वीच्या प्लास्टिकवरच होणार. ऑस्ट्रेलियाच्या नोंदींत जुन्या पॉलिथिलीनच्या सांध्यांपैकी 16 वर्षांत 11.7 टक्के पुन्हा बदलावे लागले, नव्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचे 6.2 टक्के. खेळाबद्दलचा सावध सल्लाही याच चष्म्यातून वाचावा. 1995 ते 2000 दरम्यान खुबा बदललेल्यांच्या एका फ्रेंच अभ्यासात उड्या-धावण्याचे खेळ खेळणाऱ्या 70 जणांपैकी 80 टक्क्यांचे सांधे 15 वर्षे टिकले, बेताने वावरणाऱ्यांचे सुमारे 94 टक्के. फरक खरा आहे, पण तो धावण्या-उडीचा आहे, चालण्याचा नाही.

जिन्याची भीती तर मोजमापात टिकतच नाही. सांध्यातच संवेदक बसवून घेतलेल्या जर्मन मोजणीत चालताना खुब्यावर वजनाच्या 238 टक्के भार आला, जिना चढताना 251, उतरताना 260. 70 किलोच्या माणसासाठी हे अनुक्रमे 167, 176 आणि 182 किलो होतात. 1993 च्या मोजणीत मात्र एका रुग्णाला ठेच लागली तेव्हा भार 720 टक्के झाला. त्याच रुग्णाच्या धावण्याचा आकडा सुमारे 550 होता. म्हणून पहिला खर्च मोरीतल्या आधारदांडीवर करावा, जिना टाळण्यावर नाही.

राहिला निखळण्याचा प्रश्न. जगभरच्या अनेक अभ्यासांची सरासरी 2.1 टक्के आहे. हे अभ्यास बहुतांशी खुर्चीवर बसणाऱ्या समाजांतले आहेत; उकिडवे बसणाऱ्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिले 6 ते 12 आठवडे खुबा 90 अंशांपलीकडे वाकवू नये, असे सहसा सांगतात. उकिडवे बसताना तो त्याहून बराच जास्त वाकतो. म्हणून कमोड आणि उंच खुर्ची रुग्ण घरी येण्याआधीच घरात हवी. मांडी घालायची का, कधीपासून, हे शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली आणि गोळा किती मोठा बसवला यावर ठरते. ते सुटी मिळण्यापूर्वी सर्जनला विचारून घ्यावे.