पसंतीक्रम एक

"आधी स्कोअरकार्ड द्या, मग अ‍ॅडमिट कार्ड, मग डोमिसाईल," मान वर न करता दुकानदार सांगतो. "कागद उलटा ठेवू नका, पीडीएफ उलटी जाते."

महाडच्या एसटी स्टँडपासून जवळचाच गाळा. पाटीवर झेरॉक्स, पॅनकार्ड, पासपोर्ट फोटो, सातबारा आणि त्याखाली नव्या रंगात 'नीटचे फॉर्म भरून मिळतील'. बाहेर पाऊस सरळ कोसळतोय. मी सातबाऱ्यासाठी आलोय आणि सर्व्हर बसलाय, तेव्हा बघत बसण्याखेरीज मला काम नाही.

समोरच्या दोन खुर्च्यांवर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतली मुलगी आणि तिची आई. मुलीच्या मांडीवर बटणाची प्लॅस्टिक फाईल. ७२० पैकी तिला किती पडलेत ते स्क्रीनवर दिसतं; आकडा इथे लिहीत नाही. सरकारी एमबीबीएसला अपुरे आणि बीडीएसला आशा लावणारे, एवढं पुरे. दातांच्या डॉक्टरकीलाही नीटच लागते, हे आईला यंदा कळलंय. बारावीला जीवशास्त्र हवं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीवला ४०. ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पुरी हवीत. हे सगळं मुलीचं तोंडपाठ आहे. कस लागतो तो कागदांचा.

एकेक कागद काचेवर जातो. डोमिसाईल. नॉन क्रिमीलेअर. जातीचा दाखला, कुणबी. मग व्हॅलिडिटी. तिच्यामागे एक जुना उतारा टाचलेला आहे, तो दुकानदार काढून बाजूला ठेवतो. मी वाकून बघतो. पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. इतर मागासवर्गाच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तो हा. कागदाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात चहाच्या रंगाची आडवी रेघ आहे आणि तिच्याखालची अक्षरं पसरलेली.

"मामाकडे होता, महाडात," आई सांगते. "एकवीसच्या पुरात कपाट बुडालं. इस्त्री करून वाळवला."

महाडकराला एकवीसचा पूर म्हटलं की तारीख सांगावी लागत नाही. २२ जुलै. त्याच दिवशी तळीयेवर दरड आली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर आली. दुकानदार नुसती मान हलवतो आणि फिटनेस सर्टिफिकेट मागतो.

मागे उभे असलेले एक गृहस्थ मघापासून चुळबुळ करताहेत. शेजारी त्यांचा मुलगा, कानात इयरफोन. "आमचं पण डेंटलचंच आहे. जरा विचारू?" गृहस्थ सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहेत. मुलाची दहावी तिकडे झाली, बारावी महाडला मामाकडे राहून.

दुकानदाराचा हात माऊसवर थांबतो. "दहावी गुजरातची?"

"जन्म पोलादपूरचा. रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, घरपट्टी इथली."

"राज्याच्या ८५ टक्क्यांत दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागते, काका. सरकारी बदलीवर असणाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे. कारखान्यात असणाऱ्यांना नाही."

"मग काय करायचं?"

"दिल्लीच्या एमसीसीचा फॉर्म भरा. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठं तिकडून भरतात."

अभिमत म्हणजे कामोठ्याचं एमजीएमसुद्धा. कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात. तिथे जायला या मुलाला दिल्लीचं दार वाजवायचंय आणि फी अभिमतची. ज्या तालुक्यातली निम्मी घरं गणपतीलाच उघडतात, तिथे हा नियम कुणाकुणाला नडत असेल, याचा हिशोब मी करत बसतो. वडील मुलाकडे बघतात. तो एक इयरफोन काढतो, "काय?" म्हणतो आणि परत घालतो.

आता पसंतीक्रम. एमबीबीएस आणि बीडीएसची यादी एकाच फॉर्मवर भरायची असते. दुकानदाराकडे यादी तयार आहे, सगळ्यांना तो तीच टाकतो: वर एमबीबीएसची कॉलेजं, खाली बीडीएसची. मुलगी फाईलच्या कप्प्यातून चौकटीच्या वहीचं पान काढते. कोड नंबर निळ्या पेनने लिहिलेत, तीन खोडलेत. एक नंबरला मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय, सेंट जॉर्जच्या आवारातलं. दोनला महापालिकेचं नायर दंत. मग संभाजीनगर, नागपूर. मग खेडचं योगिता. एमबीबीएसचा एकही कोड नाही.

"दातांचं कुणी पहिलं टाकतं का?" दुकानदार पहिल्यांदा वळून बघतो. "वर टाकल्याने खालचं जात नाही, ताई. लागलं तर लागलं."

"लागलं तर जावं लागेल ना?"

तिचं बरोबर आहे. एक नंबरचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. खालचं मिळालं तर पहिल्या फेरीत ते सोडून थांबता येतं. तिने माहितीपुस्तिका वाचलीय. मला वाटतं, या गाळ्यात तिच्या एकटीनेच.

"अगो, पण डॉक्टर तो डॉक्टर," आई हळूच म्हणते. आमच्याकडे डॉक्टर म्हणजे विंचू उतरवणारा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच भागातल्या सरकारी दवाखान्यांत विंचूदंशाची माणसं वाचवली आणि २०२२ ला पद्मश्री झाले, तेव्हापासून तर डॉक्टर म्हटल्यावर दुसरं काही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. दाताचं दुखणं हे दुखण्यात धरतच नाहीत. लवंग धरायची आणि भात लावायला जायचं.

"आजीला विचार," मुलगी म्हणते.

आई गप्प होते. मग मलाच सांगते, मीच विचारल्यासारखं. सासूबाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू भाजली की घरभर वास. गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता. महाडच्या दातांच्या डॉक्टरने बघितला आणि तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. साधा निघाला. "पण ही तेव्हापासून मशेरीचा डबा लपवते. रोज भांडण." थोडं थांबून म्हणते, "दाताच्या डॉक्टरला रात्रीचं उठवत नाहीत, तेवढं बरं आहे. बाय, टाक तुला हवं ते."

खेडबद्दल ती दोनदा विचारते. कशेडीचा बोगदा झाल्यापासून खेड जवळ आलंय. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पाच वर्षांचा प्रश्न. फीचं दुकानदार समजावतो: ओबीसी मुलगी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, राज्याच्या कॅपच्या फेरीतून प्रवेश, तर २०२४ पासून शिकवणीची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ. खाजगीतसुद्धा. मॅनेजमेंट कोट्यात आणि अभिमतमध्ये नाही. "हॉस्टेल आणि मेस आपली." आई बोटांवर काहीतरी मोजते.

ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर जातो. वडील टेम्पो घेऊन आंबेनळी घाटात. तिसऱ्या वेळेला फोन लागतो.

"त्रेसष्ट…"

"त्रेपन्न?"

"त्रेसष्ट! सहा तीन! पाऊस आहे इकडे!"

मुदत संपते. दुसरा ओटीपी. या वेळी ते एकेक आकडा ओरडून सांगतात आणि आम्ही सगळे, सुरतवाले काकासुद्धा, मनातल्या मनात तो म्हणतो. फॉर्म जातो. प्रिंटर कुरकुरतो.

"आता पहिली फेरी. नंबर लागला की सगळे ओरिजिनल घेऊन जायचं. कॉलेज ते ठेवून घेतं, तेव्हा आधीच झेरॉक्स काढून ठेवा. तीन सेट पुरतात."

"पाच काढा," आई म्हणते. "दोन मुंबईला दिरांकडे ठेवते."