कुत्र्याच्या अंगातली ‘उष्णता’

एके काळी दगडखाणींसाठी ओळखले जाणारे नगर रस्त्यावरचे वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. आता तेथे उंच इमारती आहेत आणि त्यांत माणसांबरोबर कुत्रीही राहतात. अशाच एका इमारतीत आमच्या शेजारी एक गोल्डन रिट्रिव्हर आहे. ऑगस्टमध्ये झड लागली होती. सकाळी भिजून आलेला हा कुत्रा ठणठणीत होता. संध्याकाळी मात्र त्याच्या कानाखाली, गालावर, रुपयाएवढा लालभडक ओला चट्टा दिसला. “अंगात उष्णता झाली” असे ठरले. त्याला ताक पाजले आणि खोबरेल तेलात हळद कालवून चट्ट्यावर थापली. हळद जंतुनाशक, असे लहानपणापासून ऐकलेल्या आम्हीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी चट्टा तळहाताएवढा झाला होता.

आमचे चुकले कोठे?

अशा चट्ट्याला इंग्रजीत ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. हात लावला तर तो गरम लागतो. पण ही उष्णता शरीरात साठलेली नसते. त्वचेला दाह झाला की तेथला रक्तपुरवठा वाढतो आणि तेवढाच भाग तापतो. म्हणून ताकाने तो निवत नाही.

सुरुवात बहुधा साध्या खाजेने होते. खाजले की कुत्रा नखांनी ओरबाडतो, चाटतो, दातांनी कुरतडतो. यात त्वचेचा वरचा थर निघतो. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा ते पंधरा थर असतात, तर कुत्र्याच्या केसाळ भागात जेमतेम तीन ते पाच. त्यामुळे थोड्या खाजवण्यानेही त्वचा सोलवटते. जखमेतून लस पाझरते, तिच्यात लाळ मिसळते आणि केस त्यावर चिकटून झाकण तयार होते. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही ‘स्टॅफिलोकोकस सूडइंटरमिडियस’ नावाचे जिवाणू राहतात. २००५ मध्ये त्यांची वेगळी जाती म्हणून नोंद झाली. ऊब, ओल आणि अन्न एकत्र मिळताच ते भराभर वाढतात. दाह वाढतो, म्हणून खाज वाढते. खाज वाढली की पुन्हा ओरबाडणे. हे चक्र इतके वेगाने फिरते की चट्टा काही तासांत पसरतो.

गोल्डन रिट्रिव्हर ही जात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये तयार झाली. थंड पाण्यातून शिकार आणण्यासाठी तिला दुहेरी, दाट केस मिळाले. पुण्याच्या पावसाळी हवेत त्या केसांच्या बुडाशी ओल टिकून राहते. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचे आखूड केस त्या मानाने चटकन वाळतात.

आता तेलाकडे वळू. वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन सारख्या बशांत चार-चार चमचे पाणी घ्या. एकीत पाण्यावर गोडेतेलाचा थर पसरा. दुसऱ्या दिवशी कोणत्या बशीतले पाणी जास्त कमी झाले? तेल बाष्पीभवन अडवते. जी जखम वाळायला हवी होती, तिच्यावरच आम्ही झाकण घातले होते. दोष हळदीपेक्षा तेलाचा आणि त्या जाड लेपाचा होता. शिवाय लेप चाटण्यासाठी कुत्रा तेथेच पुन्हा पुन्हा पाय घाशीत होता.

मग घरी काय करता येते? चट्टा लहान असेल तर आधी भोवतालचे केस बोथट टोकाच्या कात्रीने जपून कापावेत, म्हणजे हवा लागते. अर्धा लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने जखम दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने धुवावी. मग स्वच्छ कापडाने टिपून कोरडी ठेवावी. चाटणे थांबवण्यासाठी गळ्यात नरसाळ्याच्या आकाराची पट्टी घालावी. चक्र तोडण्यात तिचा वाटा मोठा असतो. पट्टी बांधून जखम झाकू नये. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल कधीही लावू नये. माणसांची मलमे व वेदनाशामक गोळ्याही नकोत. त्यांतल्या काही कुत्र्यांना विषारी ठरतात.

हा चट्टा फार दुखतो, म्हणून गरीब कुत्राही चावू शकतो. मुलांनी हे काम करू नये. दात लागलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या बाबतीत थांबून पाहणे परवडत नाही. चट्टा पसरत असेल, पू येत असेल, डोळ्या-कानाजवळ असेल किंवा दिवसभरात वाळू लागला नाही, तर पशुवैद्यांकडेच न्यावे.

चट्टा वाळला, तरी मूळ खाज कशाची हा प्रश्न उरतोच. येथे चट्ट्याची जागा बोलते. शेपटीच्या बुडाशी असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळून अंथरुणात आणि फरशीच्या फटीत पडतात, म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. चट्टा कानाखाली असेल तर कान तपासावा.

आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पशुवैद्यांकडे नेले, तेव्हा दुखणे कानातच निघाले. कानातल्या संसर्गामुळे तो गाल खाजवीत होता. कानावर उपचार झाले, चट्टा उघडा ठेवला आणि आठवड्याभरात तो वाळला. ‘उष्णता’ या एका शब्दाने आमचे समाधान झाले होते, म्हणून कानात डोकावण्याचे आम्हांला सुचलेच नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना विचारा: आपल्या घरात असे आणखी कोणते शब्द आहेत, की जे उच्चारले की आपण कारण शोधायचे थांबतो?